वाफेचं पाणी

बोअरच्या तोंडावरचा दगड सरकवला तशी आतून गार, मातकट हवा आली. शालिग्रामनं आरसा तिरका धरून उन्हाची तिरीप खाली सोडली. काळ्या खडकाच्या भिंतीवरून ती घसरत गेली आणि दिसेनाशी झाली. तळाशी काही चकाकलं नाही.

"पाहून घे बाबू," मागून पंजाबराव म्हणाले. "नाईतर म्हनशीन, काका खोटं बोल्ले. दोनशे फूट गेलं मशीन. नुसता फुफाटा. तो मशीनवाला म्हने, पाटील, तुमच्या गावाले वरून बी दुष्काळ अन् खालून बी."

पंजाबराव धामणवाडीचे सरपंच. तालुक्याच्या कचेरीत खेटे घालून त्यांनीच हे बोअर गावाला मिळवलं होतं आणि जागाही त्यांनीच दाखवली होती. ते कोरडं गेल्यापासून चारचौघांत त्यांचं बसणं कमी झालं होतं.

शालिग्रामला मात्र कोरडंच बोअर हवं होतं. तसं ते मिळाल्याचा आनंद त्यानं चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

तो याच गावचा. नागपूरला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून बडोद्याच्या एका तेल संशोधन कार्यालयात लागला होता. गुजरातेत काही ठिकाणी जमिनीखालचं तेल काकवीसारखं घट्ट निघालं होतं; ते पंपाला दाद देत नव्हतं. विहिरीतून खाली वाफ सोडायची, तेल तापवून पातळ करायचं आणि मग उपसायचं, अशी एक पद्धत परदेशात वापरात आली होती. अडचण एवढीच, की वाफ खाली जाताना भोवतीचा खडक तिची उष्णता ओढून घेतो. तळाशी पोचेपर्यंत तिच्यात काही दम उरेल का, हे आधी गणितानं सांगायचं काम शालिग्रामकडे होतं. त्यानं कागदावर विहिरीचे काकडीसारखे काप पाडले होते. या कापात वाफेनं किती उष्णता गमावली, इथला खडक किती तापला, खालच्या कापाच्या वाट्याला काय उरलं, हे तो हातानं फिरवायच्या आकडेयंत्रावर काढत जाई. खडक सुरुवातीला अधाशासारखी उष्णता पितो. मग तो स्वतः तापला की पिणं मंदावतं. किती मंदावतं, हाच खरा प्रश्न होता. शालिग्रामच्या गणितानं त्याचं उत्तर दिलं होतं, पण ते बरोबर की चूक, हे सांगणारं कोणी नव्हतं.

"कागदावरच्या विहिरीत कोणाचा हात भाजत नाही," त्याचे साहेब म्हणाले होते. "कुठं तरी तपासून आणा. मग खरी विहीर मागायला मला तोंड राहील."

तेव्हा त्याला गावातलं कोरडं बोअर आठवलं. नळ आणि तापमान मोजायच्या तारा त्यानं कार्यालयातून मागून घेतल्या, रजा काढली आणि आला. साखरखेर्ड्याला एक जिनिंग कापसाअभावी बंद पडली होती. तिथला छोटा उभा बॉयलर आणि तो चालवणारा मेहबूब, दोन्ही मिळाले.

तपासणी साधी होती. नळातून वाफ तळाशी सोडायची. उष्णता गेली की वाफेचं पाणी होतं. म्हणजे तळाशी जेवढं पाणी साचेल, त्यावरून खडकानं किती उष्णता घेतली ते कळणार. म्हणून तळ कोरडा हवा होता. आणि बॉयलरला पाणी हवं होतं.

साल त्र्याहत्तर, वैशाख. गावच्या दोन्ही विहिरींत पोहरा आपटून दगडाचा आवाज येत होता. टँकर येई त्या दिवशी येई.

"तू पानी मांगून राह्यला," पंजाबराव म्हणाले. "या दिवसात! लेका, जमीन मांग, पोरगी मांग. पानी मांगते का कोनी?"

"दोन दिवसांचं काम आहे, काका. रोज एक-दोन पिंपं लागतील."

"अन् वाफेनं होईन काय?"

"खालचा खडक तापेल. तेलाच्या विहिरीत त्यानं तेल पातळ होतं. मग वर येतं."

पंजाबरावांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मंग पान्याच्या विहिरीत? झरा मोकळा होईन का? सुरुंगानं होते तसा?"

शालिग्रामनं बोअरच्या तोंडाकडे पाहिलं. तापलेल्या खडकाला बारीक भेगा जातात, हे खरं होतं. अशी एखादी भेग नेमकी पाण्यापर्यंत पोचेल, ही शक्यता हिशेबात धरण्याइतकी नव्हती; पण अगदी शून्य आहे असंही कोणी सिद्ध केलेलं नव्हतं.

"शक्य आहे," तो म्हणाला.

बडोद्याला या शब्दाचा अर्थ 'नाही असं अजून ठरलेलं नाही' एवढाच होता. धामणवाडीत हा शब्द तहसीलदार वापरत, मोठे डॉक्टर वापरत. तहसीलदार 'शक्य आहे' म्हणाले की माणूस काम झालं असं समजून बुलढाण्याहून पेढे घेऊन परत येई. शालिग्रामला हे माहीत होतं. तो इथंच लहानाचा मोठा झाला होता.

पंजाबरावांनी टोपी परत डोक्यावर घातली, या वेळी नीट, दोन्ही हातांनी.

घरोघर जाऊन पाणी मागायचं काम शालिग्रामच्या आईनं अंगावर घेतलं. रुखमाबाई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची. संध्याकाळी आली, कामावर मिळालेलं सुकडीचं पुडकं फळीवर ठेवलं, तोंडही न धुता पदर खोचून बाहेर पडली. गावात कोणाकडे उसनं मीठ मागायलाही जी लाजायची, ती प्रत्येक दारात उभी राहून सांगत होती, "एकेक घागर द्या वं माय. माह्या पोरानं शक्य हाये म्हनलं. झरा फुटला तं गावाचाच हाये."

जेवताना शालिग्राम म्हणाला, "माय, तू असं सांगत फिरू नको. पाणी लागेलच असं नाही."

"तू म्हनला ना, शक्य हाये?"

"म्हणालो, पण..."

"मंग? येवढा शिकला अन् सोताच्याच शब्दाले भेतो?" तिनं त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकर टाकली. "अन् आता घरात तं आपलं बोल. पुन्याच्या मास्तरावानी काय बोलून राह्यला!"

तो जेवत राहिला. तेव्हा बोलता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बोअरजवळ घागरींची रांग लागली होती, आणि ती पाहिल्यावर त्याच्या मनात पहिला विचार आला तो हा, की एवढ्यात पिंप भरेल.

शेजारची तानुबाई सगळ्यांच्या आधी आली. म्हातारीला मागंपुढं कोणी नव्हतं, एक शेळी होती तेवढीच. शालिग्राम लहान असताना त्याची आई मजुरीला गेली की तो हिच्याच ओट्यावर असायचा. तिनं घागर ओतली, मग सोबत आणलेले सात खडे बोअरच्या बाजूला ओळीनं मांडले आणि प्रत्येकाला शेंदराचं बोट लावलं.

"काकू, हे कशाला?"

"साती आसरा. पान्यावर त्याईचं राज्य असते. तू तुह्या वाफेचं पाह्य, मी माह्या बायांचं पाह्यतो." ती हसली. "शेळीले आज अर्धंच पाजलं. म्हनलं, दम धर बाई. उद्या पोट फुटेलोक पेजो."

मेहबूबनं बॉयलरखाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या. जिनिंग बंद झाल्यापासून त्याला विचारणारं कोणी नव्हतं. आज सगळं गाव त्याच्याभोवती उभं होतं, म्हणून त्याचा आवाज चढला होता.

"सरका बे, सरका! हे इंजन म्हातारं हाये, पन इमानदार हाये. म्या याच्यावर दहा हंगाम काढले. वाफ आभाळात सोडली, पन धरतीच्या पोटात आजच चालली. पानी लागलं तं पहिली घागर माह्या इंजनाले. मंग सरपंचाले."

"इंजनाले देजो," पंजाबराव म्हणाले. "तुलेच नाई भेटनार." लोक हसले.

शालिग्रामनं बोअरचं तोंड फळी आणि चिखलानं लिंपून घेतलं होतं; नळाला जागा आणि तारा जातील एवढं एक भोक ठेवलं होतं. वाफ सुरू झाली. नळ आधी कडकडला, मग घोगरा आवाज करत खाली श्वास सोडल्यासारखा वाहू लागला. शालिग्राम तारांची टोकं मापकाला जोडून एकेका खोलीचं तापमान पाहत होता. वरचा खडक तापत गेला, मग मधला. कापामागून काप, त्याच्या कागदावर होता त्याच क्रमानं. वाफ जमिनीखाली उतरत होती आणि त्याला ती जणू दिसत होती. आजूबाजूला कोण आहे, याचा त्याला विसर पडला.

आदल्या दिवशीच त्यानं पोहऱ्याच्या दोरावर एक लाल चिंधी बांधून ठेवली होती. इतकी वाफ गेली तर पाणी तळापासून कुठवर साचेल, याचा हिशेब करून बांधलेली ती खूण होती. पिंप संपलं तेव्हा त्यानं वाफ बंद करवली, फळी काढली आणि दोराला लावलेला लांब, नळीसारखा पोहरा खाली सोडला. टेकला. थोडं थांबून त्यानं तो वर ओढायला घेतला. पोहरा जड लागला. दोराचा ओला भाग हातात आला आणि त्यानं चिंधी शोधली. ओल चिंधीच्या खाली बोटभर संपत होती.

बोटभर! सगळे काप, सगळ्या रात्री, आकडेयंत्राचं ते फिरवणं, आणि फरक फक्त बोटभर. शालिग्राम मोठ्यानं हसला. कितीतरी दिवसांत तो असा हसला नव्हता.

पोहरा वर आला आणि त्याच्या तळातून पाणी गळू लागलं.

"लागलं!" मेहबूब ओरडला. "लागलं पानी!"

लोकांनी पाण्याकडे पाहिलं, मग शालिग्रामच्या चेहऱ्याकडे. त्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता, आणि तो पाहूनच त्यांची खात्री पटली. बाया ओरडल्या. कोणीतरी घराकडे नारळ आणायला धावलं. पंजाबरावांनी हात पुढं करून गळतं पाणी ओंजळीत घेतलं.

"गरम हाये," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "खोलातलं हाये ना. बाबू, जागा माह्यी बरोबर होती. होती का नाई?"

शालिग्रामनं तोंड उघडलं. तेवढ्यात मेहबूबनं त्याचा दंड धरला. "सायब, उद्याचं पिंप भरून घेऊ? बाया आत्ताच देऊन राह्यल्या."

खरोखरच बाया आपापल्या घरून घागरी आणून पिंपात ओतत होत्या. सकाळी मोजून मापून दिलं होतं. आता कोणी मोजत नव्हतं. शालिग्रामला दुसऱ्या दिवसाचीच जास्त गरज होती. पहिल्या दिवशीचं उत्तर सोपं असतं. खडक तापल्यावर त्याचं पिणं किती मंदावतं, हे उद्याच कळणार होतं, आणि सगळ्या गणिताचा जीव तिथंच होता. आज रात्री सगळं नीट सांगावं, त्यानं ठरवलं. पिंप भरलं की. असं ठरवून तो पिंपाकडे पाहत उभा राहिला. पाणी कडेला आलं.

मग त्याला तानुबाई दिसली. बोअरपासून तिचं अंगण दिसत होतं. तिनं घरातली उरलेली घागर काखेत घेतली होती आणि हाताच्या ओंजळीनं अंगणात सडा घालत होती. लांब, ऐसपैस हात फिरवत, चांगल्या सालात घालावा तसा. आधी शेळीपुढची कुंडी तिनं काठोकाठ भरली होती आणि शेळी त्यात पाय घालून उभी होती.

"काकू!" शालिग्राम पळत सुटला. "काकू, थांब! सांडू नको!"

"काऊन रे? आता काय कमी हाये?"

"पाणी लागलं नाही."

तिचा हात तसाच राहिला. त्याच्या पळण्यानं मागून लोक आले होते. पंजाबराव पुढं झाले. त्यांच्या हातात नारळ होता.

"लागलं नाई म्हंजे? हे काय मंग?" त्यांनी ओला तळहात दाखवला.

"ते आपलंच आहे, काका. सकाळी बॉयलरमध्ये घातलं तेच. वाफ खाली जाऊन निवली, तिचं पाणी झालं. नवीन काहीच नाही."

पलीकडच्या आळीतली चांगुणा म्हणाली, "म्हंजे आमी सकाळी घातलं अन् दुपारी काढलं? येवढ्यासाठी इंजन आनलं?" आणि मागं कोणीतरी फिस्सकन हसलं.

पंजाबराव हसले नाहीत. "हे तुले आत्ता समजलं?" त्यांनी विचारलं.

हो म्हणता आलं असतं. त्यांच्या आवाजात तेवढी जागा त्यांनी ठेवली होती. म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं. शिकलेला पोरगा, चुकला.

"नाही," शालिग्राम म्हणाला. "आधीपासून माहीत होतं. तेच मोजायचं होतं."

"मंग तू शक्य हाये काऊन म्हनला?"

त्यानं भेगांबद्दल सांगायला सुरुवात केली. खडक तापला की कसा तडकतो, कशी एखादी भेग जाऊ शकते, ते वाक्य अर्ध्यात आलं आणि त्यानं ते तिथंच सोडलं. समोर सगळे ऐकत उभे होते, समजून घ्यायला.

"मले पानी पाह्यजे होतं, काका," तो म्हणाला. "खरं सांगतलं असतं तं तुमी देल्लं नसतं."

पंजाबरावांनी हातातल्या नारळाकडे पाहिलं. तो कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी तो धोतराच्या सोग्यात गुंडाळला, कोणाला दिसू नये असा.

"एक डाव मशीननं कोरडं काढलं माह्यं बोअर," ते म्हणाले. "एक डाव तू."

ते गेले. त्यांच्यामागं एकेक जण गेला. शिव्या कोणी दिल्या नाहीत. चांगुणा आपली रिकामी घागर उचलून चालू लागली तेव्हा शालिग्राम म्हणाला, "वहिनी, पिंपात तुमचं पाणी आहे. घेऊन जा."

"देल्लेलं पानी वापस नेत नसतेत," ती न थांबता म्हणाली. "तुले येवढं बी माहीत नाई?"

शालिग्राम परत आला तेव्हा बोअरजवळ तिघंच उरले होते. मेहबूब बॉयलरला टेकून बसला होता. त्याचा चढलेला आवाज खाली आला होता. "सायब," तो हळूच म्हणाला, "पिंप तं भरलेलं हाये. कोनी नेत बी नाई. आग हाये, खडक गरम हाये. तुमचं उद्याचं काम होऊन जाते ना. आता बदनामी झालीच, काम तरी पुरं करा."

तो म्हणत होता ते खरं होतं. खडक रात्रीतून निवला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुन्हा बॉयलर, पुन्हा रजा, आणि साहेबांना काय सांगायचं?

आज खडीच्या कामावर न गेलेली रुखमाबाई पिंपाशी उभी होती. तिनं पदरानं तोंडावरचा घाम पुसला, रिकामी घागर पिंपात बुडवली आणि भरायला लागली. बुडबुड आवाज येत होता. तिनं मुलाकडे पाहिलं नाही.

"आग विझवा, मेहबूबभाई," शालिग्राम म्हणाला.

त्यानं कोपऱ्यातली दुसरी घागर घेतली. आई पुढं, तो मागं. त्याला घागर खांद्यावर नीट घेता येईना. पाणी हिंदकळून मानेवर येत होतं. सांडेल म्हणून तो तिरका चालत होता आणि ओट्यांवरून लोक पाहत होते. एका पोरानं विचारलं, "आई, शालिग्रामदादा काऊन पानी भरून राह्यला?" आतून उत्तर आलं, "भरू दे. मोजून राह्यला असन."

जेवढं दिलं तेवढं परत होणार नव्हतं, हेही त्याला नेमकं माहीत होतं. सकाळच्या पिंपातलं किती बोअरच्या तोंडातून वाफ होऊन उडालं, किती खडकात मुरलं आणि किती तळाशी आहे, हे त्या गावात फक्त त्यालाच सांगता आलं असतं.

तानुबाईच्या अंगणात ओल अजून काळी दिसत होती. तिनं उरलेला सडा तसाच सोडून दिला होता. अर्धं अंगण ओलं, अर्धं धुळीचं. ती ओट्यावर बसली होती. त्यानं घागर खाली ठेवली.

"घे काकू. तुझंच आहे."

तिनं वाकून आत पाहिलं. "हे तं भरेल हाये. म्या तं अर्ध्याच्या वर सांडली."

"माझ्यामुळंच सांडली."

तिनं त्या अर्ध्या अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुढच्या खेपेले पानी पाह्यजे असन तं पानीच मांग. दुसरं काई सांगू नको."

"दिलं असतं?"

"नसतं देल्लं," तानुबाई म्हणाली. घागर उचलून ती आत गेली.

शालिग्राम बाहेर आला. रुखमाबाई चांगुणाच्या बंद दारासमोर घागर घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती, कोण जाणे. आतून माणसांचा आवाज येत होता. काल याच दारात तिनं मोकळ्या गळ्यानं हाक मारली होती. आज तिच्यानं हाक मारवत नव्हती. तो तिच्या पुढं जाऊन उभा राहिला आणि त्यानं कडी वाजवली.